बरणीतली वाम

सर, तुम्हाला जाऊन एकोणीस वर्षं झाली आणि मला तुमचा राग आलाय तो गेल्या महिन्यात. उशीर झाला खरा, पण आलाय तो चांगलाच आलाय. तुमच्याच शाळेत, शनिवार पेठेतल्या त्याच प्रयोगशाळेत मी आता जीवशास्त्र शिकवते. तुमच्याच टेबलावर बसून लिहितेय. पत्ता नाहीच, तेव्हा पत्र टाकायचा प्रश्न येत नाही.

आधी चांगलं सांगते, कारण तेही खरं आहे. नववीत तुम्ही आमच्याकडून पानाचा प्रयोग करून घेतलात. तगरीची कुंडी दोन दिवस अंधाऱ्या कपाटात, म्हणजे पानात साठलेला स्टार्च संपतो. मग पानाच्या मध्यावर काळ्या कागदाची पट्टी लावायची आणि कुंडी गच्चीवर उन्हात. नंतर पान स्पिरिटमध्ये उकळून हिरवा रंग काढायचा, वर आयोडीन टाकायचं. ऊन लागलं तिथं पानानं अन्न तयार केलेलं, तिथं निळंकाळं होतं. पट्टीखाली होत नाही. माझी पट्टी वाऱ्यानं उडाली होती, पान सगळंच काळं झालं. माझ्यासारख्या आणखी चौघीजणी होत्या, त्यांनी गुपचूप पुस्तकातलं उत्तर उतरवलं. मी लिहिलं, पट्टी उडाली, सगळं पान काळं झालं. तुम्ही माझी वही वर धरलीत. "शास्त्र या वर्गात हिला एकटीला कळलंय. दिसतं ते लिहा, गाढवांनो. पुस्तक मीही वाचलंय." त्या दिवशी मी खडकवासल्यापर्यंत बसमध्ये उभी होते आणि मला त्याचं काही वाटलं नाही. आईला तीनदा सांगितलं. वडील धरणावर कामाला, आई घरी; तिला स्टार्च म्हणजे साड्यांचा एवढंच ठाऊक, पण ती हसली.

मग शाळेची तपासणी आली. तुम्ही चक्रमुखी प्राणी शिकवले होतेत: जबडा नसलेले मासे, तोंड नुसतं गोल, चिकटून रक्त शोषणारं, अंगावर खवले नाहीत, जोडीचे पर नाहीत. टेबलावर बरणी, बरणीवर तुमच्या अक्षरात त्यांच्यातल्याच एकाचं नाव, 'पेट्रोमायझॉन'. साहेबांसमोर तुम्ही मलाच पुढं केलंत, हुशार म्हणून. साहेबांनी विचारलं, हा कोणता मासा? मी बरणीजवळ गेले. कल्ल्यामागं दोन छोटे पर होते. तोंड जरासं उघडं होतं आणि आत बारीक दात, वरचा जबडा, खालचा जबडा, सगळं जिथल्या तिथं. मी म्हटलं, "साहेब, ही वाम आहे. आमच्याकडे हिचं कालवण करतात."

वर्ग खदखदून हसला. मागून कुणीतरी "शी" म्हटलं. आणि तुम्ही, सर, तुम्ही हसत हसत साहेबांना म्हणालात, "यांच्याकडे खातात ना, त्यामुळं यांना सगळीकडे तेच दिसतं." मग माझ्याकडे वळून, "स्वयंपाकघर घरी ठेवून येत जा." साहेब गेल्यावर, बरणी बघून मी वहीत काढलेल्या आकृतीतला जबडा तुम्ही मला खोडायला लावलात. नीट खोड, म्हणालात, डाग दिसतोय.

घरी गेले तर आई मोरीपाशी वामच साफ करत बसलेली. हाताला राख लावून, नाहीतर ती सुळकन निसटते. मी सगळा राग तिच्यावर काढला. म्हटलं, याला जबडा नसतो. ती म्हणाली, "अगं, चावलीय मला. हे बघ बोट." मी म्हटलं, "तुला काय कळतंय? तू शाळेत गेलीस का कधी?" तिनं बोट पुन्हा राखेत बुडवलं. मी त्या दिवशी जेवले नाही, नंतरही वाम कधी तोंडाला लावली नाही, आणि हळूहळू तिनं ती घरात आणायचीच बंद केली. तिला फार आवडायची.

कॉलेजात खरा पेट्रोमायझॉन पाहिला तेव्हा कळलं की बरोबर मीच होते. पण मी तुम्हाला माफ केलं, आणि तेही किती पटकन! स्वतःशी म्हटलं, सरांच्या घरात सात पिढ्यांत मासा शिजला नसेल, त्यांना बिचाऱ्यांना वाम कशी कळणार? चूक झाली. चूक माणसाकडून होतेच. या शाळेत नोकरीला लागले तेव्हा बरणी मीच मागच्या रांगेत सरकवली, कुणी तुम्हाला हसू नये म्हणून. आई तोवर गेली होती. तिला सांगायचं राहिलंच.

गेल्या महिन्यात आपले शिपाईमामा निवृत्त झाले. तुमच्या वेळी ते नवीन लागले होते. निरोपाचा चहा झाल्यावर मला बाजूला घेऊन म्हणाले, "बाई, आता सुटलो म्हणून सांगतो. मूळची बरणी माझ्या हातनं फुटली होती, आन् दुसऱ्या दिवशी तपासणी. सर म्हनले, जा, बाजारातनं सापावानी लांबडा मासा आन. मी वाम आनली. म्हनलं, सर, हिला तर जबडा हाय, दात हायेत. तर सर म्हनले, आपल्या शाळेत वाम वळखनारं हाय कोन?"

होती ना, सर. एक होती. तुमच्यासमोर उभी होती, आणि ती बरोबर आहे हे त्या खोलीत फक्त तुम्हाला माहीत होतं. तुम्ही मला गप्प बसवलं असतंत तरी चाललं असतं. साहेब गेल्यावर हळूच म्हणाला असतात, पोरी, तुझं खरं आहे, आज जरा सांभाळून घे, तर मी तुमच्यासाठी दहा वेळा खोटं बोलले असते. त्याऐवजी तुम्ही माझे डोळे खोटे ठरवलेत आणि माझ्या आईचं बोट खोटं ठरवलंत. दिसतं ते लिहा म्हणे! हा राग घेऊन मी कुणाकडे जाऊ? तुमच्या फोटोला दर गुरुपौर्णिमेला हार मीच घालते.

परवा नववीच्या मुली कपाट आवरत होत्या. एकीनं ती बरणी उजेडात धरली. "मॅम, हे लेबल राँग आहे. याला क्लिअर जबडा दिसतोय. कोणी लावलं हे?" तुमचं अक्षर मी झोपेतसुद्धा ओळखेन. म्हटलं, "माहीत नाही गं. फार जुनं आहे." तिचं समाधान झालं नाही. "पण मॅम, इतक्या वर्षांत कुणाच्याच लक्षात आलं नाही?"

मी म्हटलं, "नाही आलं."