आप्पांच्या वाटेचे बिंदू

५ मे, सांगली

पुन्हा तेच! आप्पांच्या वाटेच्या एकशे बारा फायली, त्यातल्या एकतीस माझी पायथनमधली स्क्रिप्ट वाचतच नाही. दिवाळीत माझा जुना फोन मीच आप्पांच्या हातात दिला — चालताना जवळ ठेवा, वाट आपोआप नोंदली जाते. पण बॅटरी मध्येच गेली की त्या दिवसाची एक्सएमएल फाइल अर्धवट राहते. शेवटची एक खूण बंद नाही म्हणून अख्खा दिवस नाकारायचा! काय हा सोवळेपणा!

आता एकेका फाइलीला हाताने शेपूट जोडत बसलेय.

६ मे

भावाचा, रविराजदादाचा फोन. "सोळा तारखंच्या आत वनखात्याला अर्जासंगं नकाशा द्याचा हाय. मेंढरांचा तळ कुठंकुठं पडतो त्येचा पुरावा पायजे. न्हाईतर औंदा मेंढरं रानातनं न्हेऊ देत न्हाईत." म्हणजे मेंढरं विकायची. पिढ्यान्‌पिढ्या माणातून वाईकडे चालतोय आम्ही, आणि पुरावा माझ्या स्क्रिप्टने द्यायचा! दमले बाई.

८ मे

उघडल्या एकदाच्या सगळ्या! पण तळ हलवला त्या प्रत्येक दिवशी वाट तीनदा उमटलीये. गेली, माघारी आली, पुन्हा तीच गेली. फोनचं डोकं फिरलंय. माझंही.

९ मे

एक ओळ लिहिली — त्याच दिवशी आधी येऊन गेलेली जागा पुन्हा दिसली की तो बिंदू टाकून दे. नकाशा कसा स्वच्छ! १८९ किलोमीटर.

११ मे

वाईच्या अलीकडे तळ पडलाय, तिथे जाऊन आले. एसटीत उभीच. आप्पा मेंढरं घेऊन गेलेले. आईला नकाशा दाखवला.

"आन् माघारी आल्याली कुठं हाय?"

"कोण माघारी?"

"मी गं! त्यो फोन माज्याच कमरंला हुता. तुजं आप्पा पाडत्याल म्हणून. एका खेपंत बसतं व्हय सगळं? आदी घोड्यावर बिऱ्हाड न्ह्याचं, मग माघारी यिऊन बारकी कोकरं न्ह्याची."

लहानपणी त्या कोकरांमागे मीही चाललेय की! आणि आईच्या खेपा कचरा म्हणून फेकल्या. लाज वाटली, फार लाज वाटली.

१२ मे

ती ओळ खोडली. ५५८ किलोमीटर.

आप्पांना फोनवर सांगितलं. म्हणाले, "मी नव्या तळावर पोचतो तवा चूल पेटल्यालीच असती. कवा इचारलंच न्हाई."

फोन ठेवता ठेवता म्हणाले,

"अर्जात तिचं नाव वर लिव."