हवा मोजणारी गाडी

९ डिसेंबर

नवी मोटारसायकल आली एकदाची! नवरा, डार्सी, पोरासारखा भोवती नाचतोय. मर्व, म्हणजे सासरा, वाकून वाकून बघत होता. "कार्ब्युरेटर कुठाय?" म्हटलं, नाहीये. "मग पेट्रोल किती सोडायचं ते कोण ठरवणार?" गाडीतला संगणक. थुंकला आणि गुरांकडे गेला. हट्ट माझा होता ना, म्हणून राग.

११ डिसेंबर

डार्सीला शेडमध्ये बसवून समजावलं. आत येणारी हवा किती, गरम की गार, मूठ किती पिळली आहे — हे सगळं सेन्सर सांगतात. संगणक तेवढंच पेट्रोल फवारतो. दुपारची तापलेली हवा विरळ, तर पेट्रोल कमी. पहाटेची गार हवा दाट, तर जास्त. धुराड्यातला सेन्सर जळलेला धूर तपासतो, चुकलं असेल तर सुधारतो. आणि गाडी आडवी पडली की पेट्रोल बंद! किल्ली फिरवून पुन्हा चालू करायची.

"माझ्यापेक्षा शहाणी आहे की!" डार्सी म्हणाला. म्हटलं, त्यात काय अवघड आहे?

२ जानेवारी

म्हाताऱ्याने जुन्या गाडीची बॅटरी काढून वासरांच्या विजेच्या कुंपणाला लावली. कायमची सवय. जुनीला लाथ मारली की चालू, बॅटरी असो नसो. म्हणून आधीच बजावलं — नवीला हात लावायचा नाही. बॅटरी मेली की पेट्रोलचा पंप मेला, पंप मेला की थेंबभर पेट्रोल येत नाही. "बरं बरं, मास्तरीणबाई!"

ऐकलं की नाही, देव जाणे.

१५ जानेवारी

इथे जानेवारी म्हणजे भर उन्हाळा. उकाडा भयंकर. डार्सी पहाटेच लांबच्या बोअरवर गेलाय, पाण्याची टाकी बघायला. अंधार पडला. अजून नाही.

१६ जानेवारी

शेजारच्या कुरणवाल्याचं हेलिकॉप्टर दिवसभर फिरलं. काही नाही. मर्व अंगणात ओरडला, "तुझी ती शहाणी गाडी!"

१७ जानेवारी

सापडला.

गाडीपासून बराच पुढे, बोअरच्या वाटेवर. सावलीला एक झुडूप नाही तिथे. पाण्याची बाटली रिकामी. माझा डार्सी!

गाडी मी एकटीने पाहिली. वाळूत घसरून पडलेली, म्हणून पेट्रोल बंद झालेलं. ते ठीकच. वाळूतल्या खुणांवरून कळलं, मग त्याने ती उभी केली होती, ढकलत पळवली होती — जुनी अशीच चालू व्हायची ना! टाकी भरलेली. फिल्टर साफ. बॅटरी आमची नव्हती. कुंपणाची, कडेला गंज चढलेली. घरून एकदाच कशीबशी सुरू झाली असणार, पडल्यावर पुन्हा सुरू करायला तिच्यात जीव उरला नाही.

बॅटरी काढली आणि मी आणलेल्या जीपच्या सीटखाली पिशवीत लपवली. का, ते माझं मलाच कळलं नाही.

१९ जानेवारी

गावातला पोलीस सार्जंट आला. बरा माणूस. टोपी काढून बसला. "गाडीला काय झालं होतं, नेरिडा?" समोर मर्व बसलेला. दोन दिवसांत निम्मा झालाय.

मी म्हटलं, "हवेचा सेन्सर बिघडला. मीच जोडला होता. गाडीही माझ्याच हट्टाने आली."

मर्व उठून गुरांकडे गेला.

त्याला एकच मुलगा होता. त्याच्यावर हे ओझं घालू? मला जमणार नाही. मला लोक काय बोलायचं ते बोलोत. मला डार्सी हवाय, बाकी काही नको.

२२ जानेवारी

माती दिली. सगळे निघाले तेव्हा मर्व थडग्यापाशी टोपी हातात घेऊन उभा राहिला आणि मोठ्याने म्हणाला, "थांबा. ही खोटं बोलली. बॅटरी मी बदलली." मग माझ्याकडे वळून, पहिल्यांदाच इतक्या हळू, "पोरी, माझ्या पोराचं मरण तू का अंगावर घेतेस?"