पानांमधलं नाक

ती. आत्यास,
सा. न.

तुझा गुडघा काय म्हणतोय? (त्याचं-माझं थेट बोलणं नाही, म्हणून तुझ्यामार्फत विचारते.) आतोबांचा खोकला थांबला असेल, निदान थांबल्याचं ते सांगायला लागले असतील. मी मजेत आहे. मागच्या फोनवर तू विचारलंस, "म्हणजे तू नक्की करतेस तरी काय?" आणि मी रेंज गेल्याचं नाटक केलं. उत्तर लांबलचक होतं आणि तू मध्येच "बरं बरं" म्हणून फोन ठेवला असतास, म्हणून हे पत्र.

विम्याच्या ऑफिसात जळक्या-भिजक्या वस्तूंचे फोटो बघून नुकसान नोंदवायचं हे माझं काम, ते तुला ठाऊकच आहे. (तूच चिकटवलंस मला तिथे.) एकदा अर्ध्या जळालेल्या सोफ्याचा फोटो आला. उरलेल्या अर्ध्यावर निळी फुलं होती. बघता बघता लक्षात आलं की तिसरं फूल म्हणजे पहिलंच पुन्हा आलंय, फक्त थोडं खाली सरकून. मग जळलेल्या भागात कुठे काय असणार हेही दिसायला लागलं, आणि मी पेन्सिलीने ती फुलं फोटोवरच रेखाटून टाकली. साहेबांनी फोटो उलटसुलट करून पाहिला. म्हणाले, "बाई, तुम्ही नुकसान लिहायचं. फुलं नाही काढायची." शेजारच्या टेबलावरच्या बाईंनी मात्र हळूच सांगितलं की हे काढणारी माणसं असतात, त्याला सरफेस पॅटर्न डिझाइन म्हणतात आणि त्यांची पुतणी तेच शिकते. आत्या, मी आयुष्यभर नक्षीच्या चादरींवर झोपले, नक्षीच्या बशीतून चहा प्यायले, पण हे सगळं कोणीतरी बसून काढलेलं असतं हे माझ्या डोक्यात कधी आलंच नव्हतं. त्या संध्याकाळी बसच्या सीटचं कापड बघत बसले आणि माझा थांबा मागे गेला. मला जरा रडूही आलं. थांब्यासाठी नव्हे.

मग संध्याकाळचे वर्ग झाले, मग बिनपगारी रजा (हे तुला अर्धंच सांगितलं होतं). कामाची गंमत अशी की तुम्ही एकच चौकोन काढायचा, तोच पुढे शेजारी-शेजारी छापत जातात, पण उजवीकडून बाहेर गेलेलं पान डावीकडून बिनबोभाट आत आलं पाहिजे. सांधा दिसला की संपलं. पहिलं काम मिळालं ते दातांच्या दवाखान्याचं: पेशंट जिथे ताटकळतात त्या खोलीची एक अख्खी भिंत, पानापानांच्या वॉलपेपरने मढवायची. मी ठरवलं होतं, ही भिंत जमली तर राजीनामा, फसली तर मुकाट्याने पुन्हा जळके सोफे.

चूक झाली ती माझ्या खोलीमुळे. चित्र काढून झालं की लांब जाऊन बघायचं असतं, आणि माझ्या खुर्चीमागे लगेच कपाट आहे. मी मागे सरायची ती फार तर मानेने. दवाखान्यात कागद चिकटवून झाल्यावर मी दारातून पाहिलं, तर पानं कुठेच नव्हती. पानांमध्ये सोडलेल्या रिकाम्या जागा एकमेकींना मिळून चेहरा झाला होता, एका बाजूने दिसणारा. आधी नाक, मग हनुवटी, आणि अशा रांगाच्या रांगा. नाक आपल्या घराण्याचं, त्यात शंकेला जागा नाही. काउंटरवरच्या मुलीने विचारलं, "या कोण?" मी म्हटलं, पानं आहेत. डॉक्टर चष्मा पुसत राहिले. तेवढ्यात गाल सुजलेला एक गृहस्थ कण्हत आत आला, भिंतीसमोर बसला, वर बघितलं आणि कण्हायचा थांबून ताठ बसला. डॉक्टर म्हणाले, राहू द्या.

मी तुला काढलं नव्हतं, शपथेवर सांगते. पण आई गेल्यानंतरची सगळी वर्षं मी तुझ्या शिलाई मशीनच्या डावीकडे स्टुलावर बसून अभ्यास केला. पाठ झालं ते पुस्तकातलं नव्हे, हे आता कळतंय. मला तुझी फार आठवण येते.

बाकी ठीक. गुडघ्याला माझा नमस्कार सांग, तुला तर आहेच.

तुझी,
रेंज गेलेली भाची

ता. क. वर थोडी थाप आहे. चेहरा दवाखान्यात पहिल्यांदा दिसला नाही. छपाईवाल्याने नमुन्याचा कागद टांगला तेव्हाच त्याने तो मला दाखवला होता. म्हणाला, हे एक पान बोटभर सरकवा, जाईल. मी सरकवलं आणि चेहरा गेला. उरली ती चांगली, नीटस, कुठेही खपतील अशी पानं. थोडा वेळ बघितलं आणि पान होतं तिथे परत ठेवलं. राजीनामा त्याच दुपारी दिला, भिंतीची वाट न बघता.

आणखी एक ता. क. डॉक्टरांना आता समोरची भिंतही हवी आहे, तिथला चेहरा उलट दिशेला बघणारा. हा डावा चेहराच उलटा करून छापता येईल, पण ती तू नसशील. मी कायम डावीकडे बसले, तुझी उजवी बाजू मला येतच नाही. तेवढा एक फोटो पाठव, मान सरळ ठेवून. आतोबांना काढायला सांग. त्या बाजूला इतकी वर्षं तेच बसत आलेत.