रूपरावांकडे जाणाऱ्या एकसष्ट रेषा

४ डिसेंबर १९७८, बोरगाव मेघे
आजपासून पीएच.डी. सुरू. विषय: ग्रामीण सत्तेचं नेटवर्क ॲनालिसिस. वर्ध्यात कुणी केलेलं नाही, विदर्भातही नसावं. (चौकशी करायची.) नागपूरच्या सेमिनारमध्ये मिळालेला सायक्लोस्टाइल लेख अर्धा वाचून झाला. पद्धत सोपी आहे. प्रत्येकाला एकच प्रश्न: महत्त्वाच्या कामात तुम्ही कोणाचा सल्ला घेता? माणूस म्हणजे बिंदू, उत्तर म्हणजे रेषा. ज्याच्याकडे जास्त रेषा, त्याच्या हातात सत्ता. आमच्या डिपार्टमेंटचे लोक इतकी वर्षं नुसती पुस्तकं वाचत बसले! लेखाचा उरलेला भाग रविवारी. रोज पहाटे पाचला उठणार.

५ डिसेंबर, सकाळी ८.२०
थंडी फार.

११ डिसेंबर, मांडवखेडा
सिंदी रेल्वे स्टेशनला उतरून सहा किलोमीटर सायकल. गावात दोन पार्ट्या. एक सरपंच चंद्रभानजींची, दुसरी किराणावाल्या हिरालाल शेठची. संशोधक तटस्थ हवा, म्हणून मुक्काम रूपरावांकडे. साधा शेतकरी, मोजकं बोलणारा, कोणत्याच पार्टीत नाही. ओसरी ऐसपैस. रेडिओ आहे, संध्याकाळी दोन्हीकडची माणसं बातम्या ऐकायला येऊन बसतात. मला खुर्ची मिळाली. गावभर हिंडण्यापेक्षा लोकांनाच ओसरीवर बोलवायचं ठरवलं. वेळेची बचत. शिवाय सायकलने कंबर धरली आहे.

१६ डिसेंबर
शहात्तर मुलाखती, सहा दिवसांत! रूपराव स्वतः प्रत्येकाच्या हातात चहा देतात आणि बाजूला उभे राहतात. इतकं मोकळं वातावरण कुठल्या लॅबोरेटरीत मिळणार? प्रश्न विचारला की माणूस एकदा कपाकडे बघतो, एकदा रूपरावांकडे, आणि लगेच म्हणतो, "रूपरावभाऊचा." विचार करायलाही थांबत नाही. हिरालाल शेठनेही तेच नाव घेतलं. खुद्द चंद्रभानजींनीसुद्धा घेतलं, तेही हसत हसत. भागीरथाबाईंच्या हातचं चून-भाकर उत्तम. फील्डवर्क मला मानवतं.

३ जानेवारी १९७९
चार्ट पूर्ण. बैठकीच्या भिंतीवर लावला. शहात्तर बिंदू, त्यातून एकट्या रूपरावांकडे लाल पेन्सिलीच्या एकसष्ट रेषा. सरपंचांकडे दोन, त्यातली एक त्यांच्या आईची. म्हणजे खुर्चीवरची सत्ता खोटी, ओसरीवरची खरी. प्रमिला म्हणाली, मग रूपरावच सरपंच का नाहीत? बायकोचा प्रश्न अडाणीपणाचा, पण दिशा चांगली आहे.

९ जानेवारी, नागपूर
गाईडना चार्ट दाखवला. त्यांनी एवढंच विचारलं की मुलाखती कुठे बसून घेतल्या. मोठ्या माणसांना किरकोळ तपशिलाची फार हौस. खुर्चीवर, म्हणून सांगितलं.

१४ जानेवारी
तिळगूळ घेऊन मांडवखेड्याला. मार्चमध्ये ग्रामपंचायतीची निवडणूक आहे. रूपरावांना म्हटलं, उभे राहा. ते म्हणाले, "दोन्हीकडली लोकं माह्या घरी येतात सर, काऊन बिघडवून राह्यले?" मी चार्ट उघडला. त्यांनी स्वतःच्या बिंदूवर बोट ठेवलं आणि एकेक रेष बोटाने मागे नेली. मग म्हणाले, "एवढी लोकं मले विचारतात?" डोळे भरले होते. मलाही गहिवरून आलं. शास्त्र खोटं बोलत नाही, मी म्हटलं. आतून भागीरथाबाई बोलल्या, "खोटं हाये ते. खत कवा टाकाचं तेबी कोनी यायले विचारत नाई." बायकांना मेथडॉलॉजी कळत नाही. चार्टची एक कॉपी रूपरावांना दिली, ती त्यांनी देवाच्या फोटोंशेजारी लावली.

२० फेब्रुवारी
रूपरावांनी फॉर्म भरला. घरोघर जाऊ का, विचारत होते. अजिबात नाही, म्हटलं. त्याने नेटवर्क डिस्टर्ब होतं. तुम्ही ओसरीवर बसा, रेषा आपलं काम करतील. निकालानंतर कलेक्टरना पत्र: यापुढे जिल्ह्यातला प्रत्येक हँडपंप चार्ट बघूनच खोदावा. मसुदा तयार आहे, इंग्रजी जमलं आहे. लेखाचा उरलेला अर्धा भाग निवडणूक झाल्यावर निवांत.

१२ मार्च
मोजणी झाली. वॉर्डात एकशे बत्तीस मतं पडली. रूपरावांना सहा. घरची पाच. म्हणजे घराबाहेरचं एक मत निश्चित आहे. लोकांनी चार्टप्रमाणे मतदान केलेलं नाही. दोष कुठे आहे तो लोकांमध्ये शोधावा लागेल.
शाळेबाहेर म्हातारे तानबाजी भेटले. मुलाखतीत त्यांनीही रूपरावांचंच नाव सांगितलं होतं. जाब विचारला. ते म्हणाले, "ज्याच्या घरचा चहा हातात हाये, तो समोर उभा हाये, अन् दुसऱ्याचं नाव घ्याचं? आमी का इतके बेशरम आहो जी?" हा शिष्टाचाराचा मुद्दा झाला, राज्यशास्त्राचा नाही. तरी वहीत उतरवून घेतलं.
कलेक्टरना पाठवायचं पत्र तूर्त राखून ठेवलं.

१३ मार्च
पाचला जाग आली. पुन्हा झोप लागली नाही.

११ एप्रिल, रात्री
आज मांडवखेड्याला गेलो. रूपरावांना धीर द्यायला, आणि जमल्यास फेरसर्व्हे. बातम्यांची वेळ, पण ओसरी रिकामी. रेडिओवर फडकं टाकलेलं. रूपराव आतच होते, बाहेर आले नाहीत. भागीरथाबाई म्हणाल्या, "दहा-पंधरा मानूस बसे जी इथं रोज. आता सरपंचाची लोकं म्हनतात, हा आमच्या विरोधात गेला. शेठची म्हनतात, यानं आमची मतं फोडली. कोनीच येत नाई." मग म्हणाल्या, "यायनं जल्मात कोनाचा सल्ला घेतला नव्हता, सर. एक तुमचाच घेतला."
चहा मात्र त्यांनी दिला. प्यावा लागला.
सिंदीला पॅसेंजरमध्ये बसलो तेव्हा फार लाज वाटत होती. सेलू रोड स्टेशनपर्यंत वाटत होती. नंतर एक गोष्ट लक्षात आली. गावात दोन्ही पार्ट्यांना जोडणारा एकच बिंदू होता. तो हलवला की सगळं जाळं कसं उसवतं, हे प्रत्यक्ष पाहिलेला संशोधक मी एकटाच असणार. वर्ध्याला उतरेपर्यंत लेखाचा आराखडा तयार!
जेवताना प्रमिलाला सगळं सांगितलं. ती म्हणाली, आणि रूपरावांचं काय?
मी म्हटलं, त्यांचं नाव छापणार नाही.