सतरा नंबरचे मोजे

९ सप्टें., मंगळ.
दिघोरी गावी पथकाच्या गाडीची मंगळवारची फेरी. धानात निंदण चालू. गवतातल्या बारीक किड्यापासून येणारा ताप, स्क्रब टायफस, मोज्यांनी अडतो का, एवढाच आमच्या लष्करी पथकाचा प्रश्न. पन्नास बायांना गुडघ्यापर्यंतचे मोजे दिलेत. अर्धे औषध लावलेले, अर्धे साधे. कुठल्या नंबरला कुठले, ते मेजर मॅडमच्या बंद पाकिटात. मी लॅबचा हवालदार. रक्त घ्यायचं, ताप मोजायचा, तोंड मिटून ठेवायचं.
माझी मावशी याच गावची. नंबर सतरा. सगळ्यांसमोर मला ‘साहेब’ म्हणाली. बाया खूप हसल्या.

१६, मंगळ.
मावशीला ताप. गुडघ्यामागे किडा चावल्याची काळी खपली, म्हणजे तोच ताप. मॅडमनी लगेच गोळ्या सुरू केल्या. आज गाडी गेली म्हणून कळलं, नाहीतर ती अंगावरच काढणार होती. रक्त मीच घेतलं.

१८, गुरु.
सुटी टाकून गेलो. ताप उतरलाय. सुटलो.
पेज पिता पिता मावशीने सहज सांगितलं. पहिल्याच आठवड्यात बायांनी प्रत्येक मोज्यात मुंग्या सोडून पाहिल्या. मेल्या ते औषधाचे. मग ठरलं, जी धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, गवत कापेल तिने ते घालायचे. मावशीचे औषधाचे निघाले. ते तिने शेजारच्या प्रमिलाला कायमचे देऊन टाकले.
“अंगावर पेतं लेकरू हाय तिचं. मले कोन रडते?”
मी रडतो, म्हटलं. रागानेच म्हटलं. तिने मला आणखी पेज वाढली.

१९, शुक्र.
इकडे आड, तिकडे विहीर.
लपवलं तर कागदावर दिसणार, सतराने औषधाचे मोजे घातले तरी ताप आला. असे घोळ आणखी किती असतील. चांगले मोजे फुकट बाद, आणि जंगलातल्या चौक्यांवरची आमची जवान पोरं मोज्यांविना तशीच उघडी.
सांगितलं तर गाव अभ्यासातून बाद. मंगळवारची गाडी बंद. पुढच्या वेळी खपली कोण पाहणार?

२२, सोम.
मॅडमना सांगितलं. सगळं. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. “बायांना साधे मोजे देताना मलाच बरं वाटत नव्हतं,” म्हणाल्या. पण वर कळवावं लागेल, हेही त्याच म्हणाल्या. गाडीचं विचारलं. उद्याच्या फेरीवर सही केली, पुढची कोरी ठेवली.

२३, मंगळ.
आज तरी गाडी गेली. मॅडमना सगळं सांगितलं, हे मावशीला मीच सांगितलं, दुसऱ्या कोणाकडून कळायला नको. प्रमिला तिथेच लेकराला पाजत बसली होती. मावशी अगदी शांतपणे म्हणाली,
“आमी प्रमिलाले वाचवलं. तुनं कोनाले वाचवलं, बापू?”
चौक्यांवरच्या पोरांचं सांगायला लागलो. तिने ऐकून घेतलं. त्यांच्याही घरी माय असेल, एवढंच म्हणाली.
निघताना प्रमिलाने विचारलं, पुढच्या मंगळवारी येणार ना. येतो म्हणालो. गाडी येते, असं नाही म्हणालो.