चार नकली चाकं आणि दयाची चिंच

मी, स्टीफन योसेफ पारखे, वय वर्षे अडुसष्ट, साखर कारखान्याच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेला फिटर, राहणार श्रीरामपूर, जिल्हा अहिल्यानगर, देवाला स्मरून आणि पूर्ण शुद्धीत हे मृत्युपत्र लिहून ठेवत आहे. रक्तात साखर आहे, गुडघे कुरकुरतात, डोकं मात्र जागेवर आहे. डॉक्टरांचा तसा दाखला सोबत जोडला आहे, कारण माझा धाकटा भाऊ अँड्र्यू याला त्याबद्दल कायम शंका असते. माझ्यावर कोणाचाही दबाव नाही. बायकोचा आहे, पण तो बेचाळीस वर्षं आहे आणि वकीलसाहेब म्हणाले, तो धरत नाहीत.

कलम १. राहतं घर आणि बँकेतली शिल्लक माझी पत्नी दया हिला. तिच्यानंतर सर्व काही आमची एकुलती एक मुलगी जास्मिन हिला, जी अकोले तालुक्यात शाळेत शिकवते. यावरून भांडण व्हायचं कारण नाही. त्या दोघींचं भांडण नेहमी माझ्याशीच असतं.

कलम २. माझी हत्यारं भिमाजी शेलार यांच्या गॅरेजला. फक्त लोखंड घट्ट पकडून धरणारा, बाकावरचा मोठा शिकंजा माझा वर्कशॉपमधला सोबती ज्ञानेश्वर याला द्यायचा होता. पण तो या कागदावर साक्षीदार आहे आणि साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही घेता येत नाही. हे ऐकून गड्याचं तोंड एवढंसं झालं. म्हणून शिकंजा मी काल दुपारीच त्याच्या घरी पोचता केला.

कलम ३. आता मुख्य मुद्दा. माझी दोन दारांची, बसकी, लाल स्पोर्ट्स कार. नेवासा रस्त्यावरच्या एका गॅरेजमागे ती चार वर्षं धूळ खात पडली होती. आत कोंबड्या अंडी घालत होत्या. निवृत्त झाल्यावर मी ती उचलून आणली आणि दोन वर्षं खपून धावती केली. तिची मूळ अलॉय चाकं मात्र आधीच कुणीतरी विकून खाल्ली होती आणि जागी जुनी लोखंडी बसवली होती. नवीन मूळ चाकांचा भाव ऐकून मी खुर्चीत बसलो. अख्खी गाडी त्याहून स्वस्त पडली होती. मग पुण्याहून त्याच नक्षीची, वापरलेली नकली चाकं आणली.

अँड्र्यू तेव्हा सगळ्या आळीसमोर म्हणाला, "दादा, डुप्लिकेट चाकांवर बसून कुठं निघाला? थेट वर?" हे मी विसरलेलो नाही. विसरणारही नाही.

कलम ४. इथे मला एक कबुली द्यायची आहे. म्हणूनच हा कागद लिहायला घेतला.

चाकं घेताना मी नटांच्या भोकांमधलं अंतर मोजलं, मधलं भोक मोजलं, चाक गाडीत किती आत बसेल तेही मोजलं. पण चाक उलटं करून मागची बाजू काही पाहिली नाही. छत्तीस वर्षं फिटर म्हणून काढली आणि चकाकीला भुललो! पाच नग आणले होते, चार गाडीला आणि एक जादा. पाचही आरशासारखे.

सन २०१८ मध्ये दयाची भाची मोनिका हिचं लग्न होतं. नवरी सोनईहून श्रीरामपूरच्या चर्चमध्ये आमच्या लाल गाडीतून येणार, असं ठरलं होतं. आदल्या दिवशी दुपारी मी हार आणायला बाजारात गेलो. दया अंगणात लग्नाची पितळी भांडी घासत होती. तिला चाकांवर ब्रेकची काळी भुकटी दिसली. नवरीच्या गाडीची चाकं अशी काळी? झालं! ज्या चिंचेनं आणि विटेच्या भुकटीनं घागरी घासल्या, त्यानंच तिनं चारही चाकं घासून काढली.

अलॉयवर पारदर्शक रंगाचा पातळ थर असतो. त्याला आंबट आणि खरखरीत काहीही लावायचं नसतं. मी आलो तर चारही चाकांची चमक गेलेली. मी हार फेकला आणि ओरडलो, "अगं बाई, वाट लावलीस माझ्या चाकांची!"

ती शांतपणे म्हणाली, "आदी हितं बगा. मग बोंबला."

मागच्या डाव्या चाकावर तिनं जास्तच जोर लावला होता. तिथला रंग पापुद्र्यासारखा सुटला होता. खाली लांबी, म्हणजे पुट्टी, भरलेली, आणि लांबीखाली वेल्डिंगच्या कडेनं बोटभर तडा. मोडलेलं चाक जोडून, रंग मारून मला विकलं होतं. दुसऱ्या दिवशी त्या चाकावर सोनईच्या रस्त्यानं नवरी येणार होती. मी चाक उतरवून उलटं केलं, तर मागच्या बाजूला वेल्डिंग उघडंच होतं. बाकीच्या चाकांवरही भरवसा उरला नाही, म्हणून लग्नाला गाडी जुन्या लोखंडी चाकांवर गेली आणि मोनिका सुखरूप चर्चच्या दारात उतरली.

आठ दिवसांनी आम्ही दोघं पुण्याला गेलो. विक्रेता म्हणाला, "तुम्ही घासल्यामुळं तडा गेला." दया म्हणाली, "दादा, चिंचेनं तडा जात असता तर माज्या घरात एक पातेलं उरलं नसतं." दुकानातली गिऱ्हाइकं हसायला लागली. विक्रेत्यानं गपगुमान चार नवी चाकं दिली. तीही नकलीच, पण चांगल्या कंपनीची, मागे वजनाची मर्यादा कोरलेली आणि तपासणीचा कागद असलेली. तीच आजतागायत गाडीला आहेत. भंडारदऱ्याचा घाट त्यांनी अकरा वेळा चढलाय!

आणि मी काय केलं? गावभर सांगत सुटलो की तडा मी हेरला. फिटरची नजर, म्हणून छाती फुगवली. दयानं सात वर्षं हे ऐकलं आणि पाहुण्यांना चहा दिला. मला लाज वाटते. तडा दया स्टीफन पारखे हिनं शोधला, दुकानदाराला तिनं वठणीवर आणलं. हे माझ्या दफनविधीच्या वेळी पाळकसाहेबांनी सर्वांसमोर वाचून दाखवावं.

कलम ५. वरील शेवटचं वाक्य रद्द. कच्चा मसुदा दयाच्या हाती लागला. ती म्हणाली, "म्हंजे तुमी मातीत गेल्यावर लोकांना कळनार व्हय? तोंड हाय न्हवं अजून?" त्यामुळे गेल्या रविवारी उपासना संपल्यावर, चर्चच्या आवारात, बाकावर उभं राहून मी सगळं मोठ्यानं सांगितलं. मोनिका तिच्या दोन्ही लेकरांना घेऊन आली होती. ती धावत जाऊन दयाच्या गळ्यात पडली. टाळ्या वाजल्या. अँड्र्यूनं टोपी काढली आणि म्हणाला, "वैनी, मला वाटलंच हुतं. दादाची नजर येवढी कुठली!" इतकी वर्षं जिंकायची धडपड केली, पण त्या दिवशी हरून जेवढा आनंद झाला तेवढा कधीच झाला नव्हता.

कलम ६. गाडी, चारही चाकं आणि नट नेमक्या जोरानं आवळायचा टॉर्क पाना हे दयाचं. अटी अशा: चाकं गार झाल्यावरच धुवावीत, साध्या शॅम्पूनं आणि मऊ ब्रशनं. नट एक सोडून एक आवळावेत. चाक काढून पुन्हा लावलं तर शंभर किलोमीटरनंतर पाना फिरवून पाहावा. चिंच लावू नये.

कलम ७. चाकांच्या तपासणीचा कागद काचेत मढवून अँड्र्यूला द्यावा. त्यानं तो सोफ्यासमोर लावावा.

कलम ८. पुण्याहून आठवण म्हणून परत आणलेलं तडा गेलेलं चाक भंगारात देऊ नये. ते स्वयंपाकघरात, पितळी घागरींशेजारी टांगावं.

हा कागद नोंदवायला आम्ही आज कचेरीत जात आहोत. गाडी दया चालवणार आहे. परवाना तिनं साठाव्या वर्षी काढला, पहिल्या खेपेत. मला दोन लागल्या होत्या.

वाचून, समजून, हसत सही केली.

स्टीफन योसेफ पारखे
श्रीरामपूर, दिनांक १४ नोव्हेंबर २०२५

साक्षीदार, ज्यांच्यासमोर वरील सही झाली:
१. ज्ञानेश्वर आसाराम तुपे
२. राजेश्वरी कल्याण लांडे

(खालची ओळ दयानं स्वतः लिहिली आहे. ती साक्ष धरू नये.)

सगळं मान्य. चिंच लावनार न्हाई. पन चाक उलटं करून बगायचं मी सोडनार न्हाई. — दया