दिवस मावळेपर्यंत

३ फेब्रुवारी, सोमवार

तळघरात राबणाऱ्या माझ्या भावाबहिणींनो, आपल्या वाट्याचं ऊन आजवर दुसऱ्यांनीच खाल्लं! (सवय जात नाही, रोजनिशीतही भाषण सुरू होतं.) पण आज मी खूश आहे. शाहूपुरीतल्या या चपलांच्या कारखान्यात कामगार प्रतिनिधी म्हणून माझा पहिला दिवस. मालक उदयसिंह हा कॉलेजपासून माझ्यासोबत एकाच व्यासपीठावर गरजलेला मित्र. त्याने तळघराच्या छतभर नव्या तंत्राचे दिवे बसवलेत. सकाळी कोवळं ऊन, दुपारी पांढरं, संध्याकाळी भगवं, ढगसुद्धा सरकतात. चामड्याचा रंग उन्हातच पारखता येतो ना! गगनबावड्याचा आकाराम मान वर करून म्हणाला, "आमच्याकडं पावसाळ्यात चार महिनं सूर्य दिसत न्हाय, आन् ह्यानं जमिनीखाली आणून बांधलाय की!"

४ फेब्रुवारी

करार मीच लिहिला. तास-मिनिटं नकोत, रानातली भाषा हवी, हा माझा हट्ट: 'दिवस मावळला की सुट्टी.' उदयसिंहने एक अक्षर न बदलता सही केली. चपलांची नवी नक्षी बाहेर फुटू नये म्हणून मोबाइल, घड्याळं वरच्या कपाटात ठेवायची; तेही मी मान्य केलं. छत मावळून अंधारलं की दार आपोआप उघडतं. टाळ्या पडल्या. पट्टे विणणाऱ्या रुबीनाच्या सगळ्यांत जोरात. तिचा काशिफ पाच महिन्यांचा, सासूजवळ असतो. संध्याकाळी त्याला पाजायला ती आता वेळेत पोचेल.

१० फेब्रुवारी

रुबीनाने मला कोपऱ्यात ओढलं. एकाच दुपारी दूध दोनदा भरून आलं म्हणाली. ओढणी ओली होती. "ताई, डोळ्याला फसवतील, पण ह्याला कोण फसवणार?" छत मावळल्यावर बाहेर पडलो, तर रस्त्यावरची दुकानं केव्हाच बंद झाली होती.

११ फेब्रुवारी

उदयसिंहला जाब विचारला. त्याने हसून करार पुढे केला. कुठला दिवस, ते तू लिहिलंच न्हाईस की तेजस्वी, म्हणाला. माझाच शब्द, माझ्याच तोंडावर! मग डोळ्यांत पाणी आणून त्याने शपथ घेतली, की उद्यापासून छत खऱ्या सूर्याबरोबर चालेल. मी विश्वास ठेवला. नऊ जण काम सोडून निघाले होते. भाषण करून मीच त्यांना थांबवलं.

१२ फेब्रुवारी

दुपार. डबे संपले.

अजून दुपार. दार बडवलं. वर कुणी ओ देत नाही.

रुबीना दूध पिळून टाकते आणि रडते. पाचव्यांदा.

१२? १३?

छत भगवं झालं. सगळे उठले, दारापाशी गर्दी केली — आणि ऊन मावळतीच्या काठावरून माघारी फिरलं. पुन्हा पांढरं.

तारीख माहीत नाही

आकारामची दाढी छातीपर्यंत आलीय. काल नव्हती. काल म्हणजे — त्याचा हात धरला तर म्हणतो, "दुपारच हाय न्हवं, ताई. एवढी जोडी हुं दे." भूक कुणालाच नाही. बोटं कुणाचीच थांबत नाहीत —

दुपार

रुबीनाचं दूध आटलं. मी म्हटलं, काशिफ वाट बघत असेल. तिने पट्ट्याची वेणी घालता घालता विचारलं, कोण काशिफ?

दुपार

माझे हात — मी न सांगता चामडं घेऊन बसतात. एका हाताने दुसरा धरून लिहितेय. पानं दाराच्या फटीतून सरकवीन. वाचणाऱ्यांनो, माझ्या शब्दावर ही माणसं आत आली. सभा नको, निवेदन नको. उदयसिंहला विचारू नका, तो गोड बोलेल. रस्त्यावरच्या खांबापाशी जा आणि या इमारतीची वीज तोडा. आत्ता. छत काळं पडलं तरच दार — वीज तोडा, आणि ते लेकरू, रुबीनाचं ते — नाव होतं त्याला, मी आत्ताच वर लिहि—